तिची पिन, माझा खांब

मैत्रीण लग्न होऊन गेली तेव्हा जाताना तिनं मला तिची कढई दिली, कपडे वाळत घालायचा स्टँड दिला, खिडकीची डासांची जाळी दिली. ऑफिसातलं अर्धवट राहिलेलं फिक्स्चर मात्र आमच्या मालकांनी दिलं. "ताई, ते बी तुमीच बघा आता," ते म्हणाले. "दोघींनी मिळूनच केलंय न्हवं? तुमाला म्हाईत असंलच सगळं."

मी मान डोलावली. त्यांच्यासमोर डोळ्यांत पाणी आणलं असतं तर त्यांनी चहा मागवला असता, आणि चहा घेऊन येणाऱ्यामार्फत ती बातमी खालच्या वर्कशॉपभर झाली असती. कुणी माझी कीव केलेली मला खपत नाही. त्यापेक्षा काम परवडलं.

आमचं ऑफिस भोसरीच्या एमआयडीसीत, एका वर्कशॉपच्या माडीवर आहे. खाली ड्रिलिंग, ग्राइंडिंग, वेल्डिंग. वर काचेच्या दाराआड एसी, दोन मोठे स्क्रीन आणि आम्ही दोघी. मालकांच्या आजोबांची ज्वारी इथंच कुठंतरी व्हायची, हे ते प्रत्येक नव्या माणसाला खिडकीतून हात दाखवून सांगतात. हात दर वेळी वेगळ्या दिशेला असतो. माणूस चांगला आहे. फक्त त्यांची एक समजूत पक्की आहे, की कॉम्प्युटरवरचं काम म्हणजे बटण दाबायचं आणि बाहेर आलेला कागद उचलायचा.

ती रत्नागिरीकडची, मी लातूरकडची. मी "काय करलालीस?" म्हटलं की ती पोट धरून हसायची. ती "काय गो" म्हणाली की मी विचारायची, बाई, समुद्रही सोबत आणलायस का? आम्ही एका खोलीत राहायचो, एका शेअर रिक्षातून यायचो आणि दुपारी एकाच डब्यातलं खायचो. तिला भात लागायचा, मला भाकरी, त्यामुळे डब्यात नेहमी तिसरंच काहीतरी असायचं. रिक्षावाल्याला आम्ही सख्ख्या बहिणी वाटायचो. दिसण्यात तसं काहीच नव्हतं. आम्ही रोज भांडायचो म्हणून वाटत असावं.

फिक्स्चर म्हणजे काय ते आईला सांगताना मी पोळपाटाचं उदाहरण दिलं होतं, तर ती म्हणाली, "मग लाटणं कुठंय?" तेव्हापासून मी सरळ सांगते. गाडीचे पत्र्याचे भाग वेल्डिंग होताना हलू नयेत म्हणून त्यांना धरून ठेवणारी ती लोखंडी बैठक असते. खाली जाड प्लेट, प्लेटवर खांब, खांबाच्या माथ्यावर ब्रॅकेट आणि ब्रॅकेटमध्ये पिन. ती पिन पत्र्याच्या भोकात बसली की पत्रा जागचा हलत नाही. आमची वाटणी ठरलेली होती. प्लेट आणि खांब माझे, ब्रॅकेट आणि पिना तिच्या.

डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये हे पार्ट एकमेकांना बांधण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक लिंक. एका पार्टची कड उचलून दुसऱ्या पार्टमध्ये आणायची. मूळ कड हलली की दुसरा पार्ट आपोआप आपला आकार बदलतो. दुसरी तऱ्हा मेटची. मेट म्हणजे अट: खांबाच्या भोकाचा मध्य पिनेच्या मध्यावर हवा, हा पृष्ठभाग त्या पृष्ठभागाला टेकलेला हवा. लिंक आकार ठरवते, मेट जागा ठरवतो. दोन्ही सोयीच्याच गोष्टी आहेत. त्या एकमेकींच्या मागे लागल्या की मात्र घोळ होतो.

आमच्या त्या लागल्या होत्या. तिनं ब्रॅकेट काढताना माझ्या खांबाच्या माथ्याची कड लिंक करून घेतली आणि त्या कडेपासून मोजून पिन ठेवली. मी खांब उभा करताना तिच्या पिनेला मेट घातला. म्हणजे खांबानं कुठं उभं राहायचं ते पिन सांगणार, आणि पिनेनं कुठं बसायचं ते खांब सांगणार. असं आम्ही दोघींनी आपापल्या खुर्चीत बसून, मोठ्या शहाणपणानं, एकेका खांबाला करून ठेवलं होतं.

आणि तरी ते चालत होतं! तिच्या कॉम्प्युटरवर माझी फाइल फक्त बघण्यापुरती उघडलेली असायची, माझ्या मशीनवर तिची. ज्या गाडीच्या कंपनीसाठी हे काम होतं तिनं पत्र्यात काही बदल केला की ती पिन सरकवायची, सेव्ह करायची आणि ओरडायची, "झालं गो!" मग मी तिची नवी फाइल ओढून घ्यायची. माझा खांब सरकायचा. मी ओरडायची, "झालं!" मग पुन्हा ती. एक-दोन फेऱ्यांत मोजमाप जुळायचं आणि आम्ही थांबायचो. कुठं थांबायचं ते आम्हाला कळायचं, त्यामुळे सॉफ्टवेअरला ते सांगायची कधी वेळच आली नाही. मालक पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, "लोकं ईमेलवर काम करत्यात, आमच्या ताया बोंबलून करत्यात."

ती गेल्यावर थोड्याच दिवसांत निघोजेच्या त्या कंपनीकडून बदल आला. पत्र्यातलं एक भोक जरा बाजूला गेलं होतं. पुढच्या सोमवारी तिथं जाऊन डिझाइन दाखवायचं होतं. मी तिची आणि माझी अशा दोन्ही फायली पहिल्यांदाच एका मशीनवर पूर्ण उघडल्या. स्क्रीनच्या डाव्या बाजूची पार्टची सगळी यादी चुकांच्या खुणांनी लालेलाल झाली.

घाबरायचं नाही असं स्वतःला बजावून मी रिबिल्डचं, म्हणजे सगळे पार्ट नव्यानं जुळवायचं, बटण दाबलं. खांब सरकला. बरं झालं म्हटलं. खात्रीसाठी पुन्हा दाबलं, तर खांब पुन्हा सरकला. मधे मी कशालाही हात लावला नव्हता. आणखी एकदा दाबलं. खांब पिनेच्या मागे गेला, पिन खांबाच्या कडेपासून आपलं अंतर राखायला आणखी पुढे गेली, खांब पुन्हा तिच्या मागे. दोघं जोडीनं प्लेटच्या काठाकडे निघाले होते. मी बटण दाबत राहिले असते तर ते प्लेट सोडून हवेत उभे राहिले असते.

सवयीनं मी उजवीकडे मान वळवली. तिची खुर्ची मालकांनी खाली स्टोअरला पाठवली होती. खुर्चीच्या जागी आता प्रिंटर ठेवला होता.

मी तिला फोन लावला. तिचं सासर सावंतवाडीजवळच्या एका गावात आहे. माणसं बरी, घर मोठं, नोकरीचं "पुढे बघू" असं ठरलेलं. ऐकून ती आधी खळखळून हसली. "अगो, म्हणजे आपण इतके दिवस गोल फिरवत होतो?"

"फिरवत नव्हतो. हाताने थांबवत होतो."

"मग तोडून टाक ना लिंका."

"तोडून काय करू? तुझ्या पिना कशाच्या आधारानं ठेवल्यास ते मला कुठं माहितीये?"

मग ती आठवून आठवून सांगायला लागली. हा ब्रॅकेट त्या खांबावरून, तो ब्रॅकेट या पिनेवरून. मधेच तिनं विचारलं, डब्याचं काय करतेस? मी म्हटलं, मेस लावलीये. "शी, ती तेलाची भाजी?" ती म्हणाली आणि मग फिक्स्चर बाजूलाच राहिलं. तिच्याकडे दुपारी सगळे झोपतात. तिला झोप येत नाही. मागच्या अंगणात फणस आहेत आणि ते कुणीच खात नाही. फोन ठेवला तेव्हा माझी जेवणाची सुट्टी संपून बराच वेळ झाला होता आणि मी ती गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर बोलले होते.

तेव्हाच मनात एक भीती शिरली. आमचं सगळं बोलणं कामातून निघायचं. खोलीवरसुद्धा आम्ही ब्रॅकेट आणि खांबांवरून भांडत झोपायचो. हे फिक्स्चर सुटलं की मी तिला कशासाठी फोन करणार? कशी आहेस, बरी आहे, तिकडे पाऊस आहे का, आहे. असे फोन मी गावाकडच्या मैत्रिणींना करून पाहिलेत. दिवाळीला होतात, मग संक्रांतीला होतात, मग होत नाहीत.

म्हणून मी फिक्स्चर लवकर सोडवलं नाही. रोज दुपारी एक प्रश्न काढून ठेवायची आणि तिला फोन करायची. काही प्रश्न खरे होते. काहींची उत्तरं मला स्क्रीनवर समोर दिसत असायची, तरी मी विचारायची. ती भाजी चिरता चिरता सांगायची, मधेच कुणीतरी हाक मारायचं, ती "आले हां" म्हणायची, पण आधी माझ्या पिनेच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण करायची. त्या अर्ध्या तासाच्या जोरावर मी उरलेला दिवस ढकलायची.

मालक मात्र रोज दारात येऊन उभे. "ताई, सोमवारी दाखवायचंय. ते सगळं फिक्स करून टाका की. समदे आसंच करत्यात."

खरंच सगळे तसं करतात. आमच्या या पट्ट्यातली ती रीतच आहे. मेट भांडायला लागले, लिंका लाल झाल्या, की एकेक पार्ट निवडायचा आणि आहे तिथं फिक्स करायचा, म्हणजे जागच्या जागी खिळून टाकायचा. लाल निघून जातं, चित्र सुंदर दिसतं. मग कंपनीनं पुढचा बदल पाठवला की एकही पार्ट हलत नाही. प्रत्येक हातानं हलवावा लागतो, एखादा राहून जातो आणि खाली त्याचं भोक चुकीच्या जागी पडतं. मग तेच मालक जिना चढून येतात आणि "ताई" न म्हणता बोलतात.

"फिक्स नाही करणार," मी म्हणाले.

"मग काय करनार?"

"नीट करणार."

"करा बाबा," ते म्हणाले. "पर सोमवारपत्तुर करा. न्हाईतर चिंचवडच्या त्या पोराला बाहेरून द्यावं लागंल."

बाहेरून म्हणजे तिच्या पिना कुणा परक्याच्या हातात. ते मला चालणार नव्हतं.

मधे गुरुवार आला. भोसरीत सुट्टी गुरुवारी असते, आणि उरलेल्या जगात रविवारी. ती इथं होती तेव्हा हे आम्हाला फार सोयीचं वाटायचं. सगळीकडे गर्दी कमी, देहूला जाऊन घाटावर बसलं तरी इंद्रायणीच्या कडेला आपल्यासाठी अख्खी पायरी मोकळी. त्या गुरुवारी मी एकटी गेले. पायरी मोकळीच होती. माझ्या शेजारी एक कुटुंब येऊन बसलं आणि त्यातल्या बाईंनी मला विचारलं, "तुमची माणसं दर्शनाला गेलीत का?" मी हो म्हणाले आणि त्यांच्याआधी उठून आले. परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, तर त्याचाही राग आला. खोलीवर येऊन तिच्या कढईत स्वतःपुरता भात केला. मला भात आवडत नाही.

शुक्रवारी मी तिला फोन केला नाही. दिवसभर फायलीसमोर बसले. एकेक पार्ट माउसनं धरून ओढायचा आणि बघायचं, तो कशाला बांधलेला आहे, कशाचं ऐकतो. जास्तीचा मेट दिसला की काढून टाकायचा. काही खांबांना मी भीतीपोटी एकाच गोष्टीच्या दोन-दोन अटी घातल्या होत्या; पहिलीनं काम भागत असताना दुसरी फक्त भांडायला उभी होती. त्या काढल्यावर यादीतलं बरंच लाल गेलं. उरला तो गोल. खांब पिनेचं ऐकतो, पिन खांबाचं.

कुणाचं खरं धरायचं? मी दुपारपर्यंत दोन्ही बाजूंनी करून पाहिलं. खांब मोठा मानला की पिना पत्र्याच्या भोकातून बाहेर. पिन मोठी मानली की पिनेला तिची जागा सांगणारं कुणी उरत नाही. मग कंपनीनं पाठवलेला पत्रा मी नुसताच स्क्रीनवर घेतला आणि बघत बसले. पिन पत्र्याच्या भोकासाठी होती. खांबही शेवटी त्याच भोकासाठी होता. भोक कुठं हवं ते आम्ही दोघी ठरवतच नव्हतो, ते निघोजेहून येत होतं. इतके दिवस आम्ही एकमेकींकडे बघून जागा विचारत होतो आणि जिथून जागा येत होती तिकडे फक्त शेवटी, मोजायला म्हणून बघत होतो.

मग पत्र्याच्या भोकांचे मध्य एका वेगळ्या स्केचमध्ये घेतले. तिच्या पिना त्या स्केचवर बसवल्या. माझे खांब त्याच स्केचवर उभे केले. मधल्या लिंका एकेक करून तोडल्या. तोडताना सॉफ्टवेअर दर वेळी विचारतं, हे परत जोडता येणार नाही, पुढे जायचं का? साधा प्रश्न आहे. मी प्रत्येक वेळी होय म्हटलं. शेवटची लिंक तोडली आणि रिबिल्ड केलं. काहीही हललं नाही. पुन्हा केलं. सगळं जागच्या जागी, स्वच्छ, एकही लाल खूण नाही. खूप दिवसांनी असं काम झालं होतं आणि "झालं" म्हणायला कुणी नव्हतं.

सोमवारी मालकांच्या गाडीतून निघोजेला गेले. तिथल्या इंजिनिअरनं परीक्षा घ्यायची म्हणून माझ्या समोरच पत्र्यातलं एक भोक सरकवलं. त्याच्या पाठोपाठ पिन सरकली, ब्रॅकेट सरकला, खांब सरकला आणि सगळे थांबले. त्यानं मालकांकडे बघून मान हलवली. परतताना मालकांनी चाकणच्या चौकात गाडी थांबवून मला भेळ खाऊ घातली. "एक नंबर काम, ताई," ते म्हणाले. "एकटीनं केलंत." ते कौतुक होतं, मला कळलं. पण त्यातला "एकटीनं" तेवढा भेळेबरोबर गिळावा लागला.

तिला फोन केला नाही. काय सांगून करणार? विचारायला काही उरलं नव्हतं. आज करू, उद्या करू करता दिवस गेले. तिचाही आला नाही, आणि मी मनात म्हटलं, बघ, म्हणत होतेच मी. आपलं खरं ठरल्याचा मला एरवी आनंद होतो. त्या वेळी झाला नाही.

मग एका दुपारी, मी डबा उघडत होते तेवढ्यात, तिचा फोन आला.

"काय गो, त्या फिक्स्चरचं काय झालं शेवटी?"

मी अगदी फुशारकीनं सांगितलं. स्केच कसं केलं, पत्रा कसा मोठा धरला, इंजिनिअरनं भोक कसं हलवून बघितलं. "आता तुझे ब्रॅकेट वेगळे, माझे खांब वेगळे. कुणाचं कुणावाचून अडत नाही."

"म्हणजे माझं आता काही लागणार नाही."

"अजिबात नाही. तू निवांत राहा."

"यांच्या लॅपटॉपवर मी एक फुकटचं सॉफ्टवेअर घालून घेतलंय," ती म्हणाली. "म्हटलं, एखादा ब्रॅकेट-बिकेट असला तर पाठव. पैसे वगैरे नकोत हां. दुपारी मी मोकळीच असते."

"अगं, सगळं खाली कापायलासुद्धा गेलं."

"हो का," ती म्हणाली. "छान झालं. बरं झालं गो." आणि आमच्यापैकी कुणीतरी फोन ठेवला.

मी जेवले. जिन्यातल्या नळाखाली डबा घासायला घेतला. झाकण घासता घासता माझे हात थांबले. त्या बाईला ब्रॅकेट नको होता. मी रोज दुपारी जे प्रश्न शोधून काढत होते, तसा एखादा तिला हवा होता. तिच्याही घरात दुपार होती. आणि मी तिला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, की तुझं काही अडत नाही.

नळ तसाच वाहत ठेवून मी फोन लावला. उचलला तिच्या सासूबाईंनी. ती मागच्या दारी गेली होती.

"काय काम होतं का?" त्यांनी विचारलं. "ऑफिसातलं असेल तर सांगा, निरोप देते मी."

होय म्हणणं सोपं होतं. एक पिन, एक मोजमाप, काहीही सांगता आलं असतं.

"काम काहीच नाही हो काकू," मी म्हणाले. माझा आवाज फुटला आणि मी तो सावरला नाही. "मला तिच्यावाचून करमत नाही. तेवढंच सांगायचं होतं."

फोन हातात धरूनच त्यांनी मागच्या दाराकडे हाक घातली, इतक्या मोठ्यानं की मी कानापासून फोन दूर धरला.

"अगो, आधी टाक ते हातातलं नि ये! तुझी भोसरीची मैत्रीण आहे. काम काही नाही म्हणते, रडतेय!"